मस्टँगचा काउल गळतो तेव्हा

१९६५ ते ६८ च्या फोर्ड मस्टँगमध्ये फ्लोअर पॅन (पायाखालचा पत्रा) सडलेला दिसला, तर तो बदलण्याआधी काउल, म्हणजे पुढच्या काचेखालची हवा आत घेणारी पत्र्याची पोकळी, तपासा. नाहीतर नवा पत्राही सडणार. मॅट काढून काचेखालच्या जाळीत पाइपने हळूहळू पाणी सोडा आणि डॅशखाली टॉर्च धरा. आतल्या हवेच्या भोकाभोवतीची उभी कड गंजली की पाणी थेट पायाशी उतरतं. हीटरच्या बाजूला मात्र आधी त्याचं सील बघा.

वरून सिलिकॉन किंवा फायबर थापणं मला पटत नाही. गंज खाली वाढतच राहतो. मी बॉनेट, दोन्ही फेंडर, वायपर आणि पुढची काच उतरवली. मग ८ मिमी कटरने स्पॉट वेल्ड (दोन पत्रे जोडणारे ठिपक्यांसारखे वेल्ड) सोडवले. फक्त वरचा पत्रा कापायचा. कटर खोल गेला तर खालचा थरही भोकाळतो. गंजलेला भाग कापून नवी कड प्लग वेल्डने (वरच्या पत्र्यातल्या भोकातून केलेला वेल्ड) बसवली; जोडांवर वेल्डिंगआधी वेल्ड-थ्रू प्रायमर (गंजरोधक थर) आणि नंतर सीम सीलर (जोड बुजवणारा लेप). वेल्डचे टाके एका ओळीत सलग मारू नका, पत्रा वाकतो.

वरचा पत्रा बंद करण्याआधी पुन्हा पाणी सोडून बघा. बाजूच्या निचऱ्यात पानं अडकली असतील तर तीही काढा.