४.४ ग्रॅम मोजताना काटा फसवतो: या चुका टाळा

तूर फुलोऱ्यात आली की आमच्या परभणीकडं शेंगा पोखरणाऱ्या अळीची फवारणी सुरू होते. इमामेक्टिन बेंझोएट ५ टक्के, १० लिटर पाण्याला ४.४ ग्रॅम. २० लिटरच्या पंपाला ८.८. हे आपण मोजतो कशावर? स्वयंपाकघरातल्या दहा किलोच्या काट्यावर, नाहीतर टोपणानं. टोपणात वजन मोजलं जात नाही, एवढं सांगून टोपणाचा विषय संपवतो.

काट्यावर लिहिलेलं 'दहा किलो' म्हणजे त्याची ताकद, बारकाई नव्हे. आकडा १ ग्रॅमच्या पायरीनं सरकतो. ४ दिसतंय तेव्हा खरं वजन साडेतीन ते साडेचारमध्ये कुठंही असू शकतं.

त्याहून बेक्कार खोड वेगळीच. बरेच काटे शून्याजवळची हळू वाढ स्वतःच पुसून टाकतात. मागच्या हंगामात मी कागदावर चिमटी-चिमटीनं पावडर टाकत राहिलो, आकडा शून्यच. शेवटी सगळं उतरवलं, काटा शून्य केला, पुडी एकदम ठेवली, तर ६! तेव्हापासून आधी वाटी ठेवतो, ती शून्य करत नाही. तिचा आकडा लिहून घेतो आणि पुढं मोजतो.

सगळ्यात सोपा उपाय म्हणजे थोडं मोजूच नका. पाच पंप मारायचे असतील तर ४४ ग्रॅम एकदाच मोजा, थोड्या पाण्यात कालवून मिश्रण बरोबर १ लिटर करा, दर पंपाला ढवळून २०० मिली घ्या. अर्ध्या ग्रॅमची चूक ४.४ मध्ये ११ टक्के होते, ४४ मध्ये जेमतेम १. हे मिश्रण त्याच दिवशी संपवा.

सराफाकडं असतो तसा ०.०१ ग्रॅमचा छोटा काटा घेतलात तर त्याची मर्यादा बघा. २०० ग्रॅमच्या काट्यावर स्टीलचा जड डबा ठेवाल तर काटा बिघडू शकतो. बांधावर, वाऱ्यात, उन्हात तापलेल्या बोनेटवर तर मोजूच नका. आकडा नाचत राहतो. घरात, पंखा बंद करून, सपाट फरशीवर मोजा.

नाणं ठेवून काटा तपासणारे एक विसरतात: रुपयाचं २०११ च्या मालिकेतलं नाणं ३.७९ ग्रॅमचं, २०१९ च्या मालिकेतलं ३.०९ चं. काट्याला शिव्या घालण्याआधी नाणं उलटून बघा.

आणि औषधाचा काटा परत पिठाला वापरू नका. आमच्याकडं त्यावर लाल रंगाची फुली आहे.