सागवानाचा एकच लठ्ठा तीनदा मोजू नका

चंद्रपूर-गडचिरोलीच्या लाकूड उद्योगाचं मूल्यवर्धन (उद्योगाने मालात नव्याने घातलेली किंमत) काढायला पहिल्यांदा बसलो, तेव्हा मी सरळ बेरीज केली: डेपोची विक्री, आरामशीनची विक्री, फर्निचरवाल्याची विक्री. आकडा असा दणदणीत आला की मलाच शंका आली. तीच पहिली चूक, आणि आजही बहुतेक अहवालांत ती सापडते.

हिशेब मांडून बघा (रकमा समजण्यापुरत्या). डेपोतला लॉट १ लाखाला गेला. आरामशीनने तो चिरून दीड लाखाला विकला. फर्निचरवाल्याने त्याच चिराणमालाचे पलंग-कपाटं करून २ लाख ८० हजार मिळवले. विक्रीची बेरीज ५ लाख ३० हजार. पण फर्निचरच्या किमतीत चिराणमाल आहे, चिराणमालात लठ्ठा आहे. लठ्ठा तीनदा मोजला गेला! म्हणून प्रत्येक टप्प्यावर बाहेरून घेतलेला माल आणि सेवा वजा करायच्या. जंगलातून डेपोपर्यंत ट्रकभाडं १५ हजार, आरामशीनची वीज आणि पाती १० हजार, फर्निचरवाल्याचं पॉलिश, सरस, बिजागऱ्या ४० हजार. मग मूल्यवर्धन येतं ८५, ४० आणि ९० हजार. एकूण २ लाख १५ हजार, म्हणजे पहिल्या आकड्याच्या निम्म्याहून कमी.

इथे एक पोटचूक होते. खर्च वजा करताना लोक मजुरीही वजा करून टाकतात. तोडणी मजुराचा रोज, मिस्त्रीचा पगार हे मूल्यवर्धनातच येतं. ते काढलंत तर मालकाचा नफा आणि थोडं भाडं-व्याज एवढंच उरतं.

दुसरा घोळ घनफुटाचा, आणि तो फार चिवट आहे. लाकूडबाजारात गोल लाकूड चौथाईने मोजायची जुनी रीत आहे: घेराचा चौथा भाग, त्याचा वर्ग, गुणिले लांबी. १२० सेंमी घेराचा ३ मीटर लठ्ठा या रीतीने ०.२७ घनमीटर भरतो. खरं घनफळ ०.३४च्या वर. चौथाईत साधारण साडेएकवीस टक्के लाकूड कागदावर येतच नाही. आता चिराणमाल मात्र फूटपट्टीने मोजलेला, खरा. त्यामुळे आरामशीनवाला सांगतो, "दहा घनफुटांतून सात निघाले." तुम्ही ७० टक्के उतारा (लठ्ठ्यातून निघालेला चिराणमाल) लिहून मोकळे. पण ते दहा चौथाईचे, खरे पावणेतेरा. उतारा ५५ टक्के. बाकीचं भुसा, फाटे. तेही विकलं जातं, तेव्हा उत्पादनात धरा. डेपोचा आकडा कोणत्या रीतीचा, हे विचारल्याशिवाय ३५.३ने भागून घनमीटर करू नका.

एखाद्या आरामशीनचं मूल्यवर्धन उत्पादनाच्या ८० टक्के दिसलं तर घाबरू नका; आधी विचारा, लाकूड कोणाचं? मजुरीवर चिराई करणाऱ्याचं उत्पादन म्हणजे फक्त चिराईची मजुरी. गिऱ्हाइकाच्या लाकडाची किंमत त्याच्या नावावर चढवायची नाही. व्यापाऱ्याचंही तसंच, त्याचा फक्त खरेदी-विक्रीतला फरक.

मग हद्द, म्हणजे लाकूड उद्योगात काय काय धरायचं. राष्ट्रीय औद्योगिक वर्गीकरण २००८ मध्ये वनीकरण आणि लाकूडतोड विभाग ०२, लाकडी वस्तू १६, कागद १७, फर्निचर ३१. नुसता १६ उचललात तर सागाचा पलंग गळतो. १७ मिसळलात तर बल्लारपूरची कागद गिरणी सगळा तक्ता खाऊन टाकते. काय धरलं ते तक्त्याखाली लिहा. वार्षिक उद्योग पाहणीत नोंदणीकृत कारखाने येतात. दोन पोरं हाताशी घेऊन दारं करणारा सुतार त्यात नाही. त्याच्यासाठी असंघटित उपक्रमांची पाहणी बघावी लागते, आणि तिच्यात एका जिल्ह्याच्या लाकूडकामापुरते नमुने थोडेच हाती लागतात. म्हणून मी तरी दोन आठवडे गावोगाव फिरून मोजणं पसंत करतो.

भाववाढ विसरू नका. लिलावात सागाचा दर चढला आणि घनमीटर तेवढेच राहिले, तर उद्योग वाढला नाही, लाकूड महागलं. दोन वर्षांची तुलना स्थिर किमतींतच, म्हणजे दोन्हीकडे एकाच वर्षाचे भाव धरून करा.

आणि जागा. मार्च २०२३ मध्ये अयोध्येच्या राममंदिरासाठी बल्लारपूरहून सागवान गेलं, त्याचा इकडे अभिमान आहे. पण हिशेबात चंद्रपूरच्या खात्यावर त्या लाकडाची किंमत आणि इथे झालेलं काम एवढंच. दारांवरच्या कोरीवकामाचं मूल्य ते जिथे झालं तिथलं. तेच नागपूरच्या आरामशीनवर चिरलेल्या गडचिरोलीच्या लठ्ठ्याचं: तोड गडचिरोलीत मोजा, चिराई नागपुरात.