पेव ओळखायचं तर आधी खोड बघा

मी ठाण्यात पॅथॉलॉजी लॅबमध्ये रक्त घेते. सकाळी सातला उपाशीपोटी शुगर तपासायला आलेली मंडळी रांगेत बसलेली असतात आणि महिन्यातून दोनतीन जण तरी पिशवीतून एक पान काढून दाखवतात. "ताई, हे इन्सुलिनचं पान. रोज दोन खातो. येऊरला जंगलात पण खूप आहे म्हणे." येऊरला जे आहे ते पेव नावाचं रानझाड. हातातलं पान असतं नर्सरीतल्या दुसऱ्याच झाडाचं. आणि दोन्हींना सर्रास 'जंगली आलं' म्हटलं जातं. रविवारी येऊरला जाणाऱ्या आणि फोनवर फोटो काढून नाव विचारणाऱ्या सगळ्यांसाठी हे लिहितेय.

जुलै ते सप्टेंबर हा काळ धरा. ठाणे स्टेशनवरून येऊरची टीएमटी बस पकडा आणि पाटोणापाड्याच्या बाजूला ओढ्याकाठी, सावलीच्या कडेला बघत चला. हे जंगल संजय गांधी राष्ट्रीय उद्यानात येतं, तेव्हा काही तोडायचं नाही, उपटायचं नाही. ओळखायला तोडावं लागतही नाही.

फुलाकडे आत्ता बघू नका. बहुतेक जण तिथेच फसतात, कारण फूल महिना-दीड महिनाच भेटतं आणि खोड सगळा पावसाळा समोर असतं. पानं खोडावर कशी लागलीत ते बघा. आलं, हळद, रानहळद यांची पानं दोन रांगांत असतात, एक डावीकडे, एक उजवीकडे, सगळी एका पातळीत. पेवाची पानं एकामागून एक खोडाभोवती वर चढत जातात, जुन्या वाड्यातल्या गोल जिन्याच्या पायऱ्यांसारखी. त्यामुळे खोडालाही पीळ पडतो. एकदा हा पीळ दिसला की पुरुषभर उंचीच्या पेवाची जाळी रस्त्यावरूनसुद्धा ओळखू येते.

मग पान न तोडता दोन बोटांत चोळून बोटं हुंगा. आल्याच्या कुळातल्या पानांना वास येतो, कारण त्यांत सुगंधी तेल असतं. पेवाला तसा वास नाही. मला एका नर्सरीत पेवाची कुंडी 'रानआलं' म्हणून विकली होती. घरी आणून पान चोळलं तर नुसता हिरवा पाल्याचा वास आला, तेव्हा कळलं. पान उलटंही करून बघा, खालून मऊ लव असते.

तिसरी खूण पान खोडाला जिथे धरतं तिथे. आल्यात पानाचा तळ खोडाला शालीसारखा गुंडाळलेला असतो, एक कड दुसरीवर येते. पेवात तो झंपराच्या बाहीसारखा बंद, कुठेच उकलत नाही. दहापट भिंग असेल तर छान, नसेल तर फोनचा कॅमेरा पुरतो.

आता फूल. पेवाच्या शेंड्याला लाल खवल्यांचं कणीस येतं आणि त्यातून रोज एकदोन पांढरी फुलं उमलतात. चुरगळलेल्या टिश्यू पेपरसारखी, घशात पिवळट. खवल्यांवर मुंग्या दिसतील. खवल्यांतून मध पाझरतो, त्यासाठी त्या येतात. फुलाचा जो मोठा पांढरा भाग आपण पाकळी म्हणतो, ती पाकळी नव्हेच. या घराण्यातल्या फुलाचा मूळ हिशेब सहा पुंकेसरांचा. पेवात त्यातले पाच एकत्र जुळून हा ओठ झाला आणि पराग द्यायला एकच उरला. हळदीत दोघांचा ओठ, दोघं बाजूच्या झालरी, एक गळाला, एक परागाचा. बेरीज दोन्हीकडे सहाच. मला हा हिशेब पहिल्यांदा समजला तेव्हा मी ओढ्याकाठी छत्री धरून अर्धा तास एकाच फुलासमोर उभी होते.

शेजारीच रानहळद दिसेल. तिच्या कणसाचा शेंडा गुलाबी-जांभळा, आतून पिवळी फुलं आणि चोळलेल्या पानाला वास.

एवढ्या फरकांमुळेच पेव आल्याच्या कुळात ठेवत नाहीत. केळ, कर्दळ, आलं आणि पेव या सगळ्यांचा गण एकच, झिंजिबरेल्स. त्यात आठ कुळं. आल्याचं झिंजिबरेसी, पेवाचं कॉस्टेसी, जे नाकाई या जपानी शास्त्रज्ञाने 1941 साली वेगळं काढलं. म्हणजे पेव आल्याचं भावंड नव्हे, चुलत घरातलं.

फोनवर पेवाला तीन नावं दिसली तर गोंधळू नका. 1791 पासून ते कॉस्टस स्पेशिओसस होतं. डीएनए तपासल्यावर आशियातली ही झाडं आफ्रिका-अमेरिकेतल्या कॉस्टसपेक्षा वेगळ्या फांदीवरची निघाली, म्हणून 2006 मध्ये कायलोकॉस्टस झालं. पण त्या फांदीला हेलेनिया हे जुनं नाव आधीच दिलेलं होतं आणि नियमाने जुनं नाव चालतं. म्हणून 2013 पासून हेलेनिया स्पेशिओसा. कॉस्टस हा शब्द मुळात आपल्या 'कुष्ठ' या औषधी वनस्पतीच्या नावावरून गेलेला. खरं कुष्ठ मात्र हिमालयातलं, सूर्यफुलाच्या कुळातलं. आणि 'पेव फुटणं' मधलं पेव म्हणजे जमिनीखालचं धान्याचं कोठार, त्याचा या झाडाशी संबंध नाही.

इन्सुलिनचं पान म्हणून जे विकतात ते बहुतेक वेळा कॅमेकॉस्टस कस्पिडेटस, मूळचं ब्राझीलचं, नारिंगी फुलांचं, कुंडीत मावणारं. कुळ तेच, त्यामुळे पानांचा जिना त्यालाही असतो. फूल आणि उंची बघून फरक करा. कोणतंही पान खात असाल तर डॉक्टरांना सांगा, त्यासाठी गोळी बंद करू नका. हे मी रांगेतल्या प्रत्येकाला सांगते. पेवाच्या कोवळ्या कोंबांची भाजी पाड्यांवर करतात, पण ती त्यांच्या हातची खावी. कंद कच्चा चघळू नका. त्यात डायोस्जेनिन आहे, ज्यापासून स्टिरॉइड औषधं करतात.

घरी हवंच असेल तर कुणाच्या बागेतलं खोड मागा. तीनचार पेरांचा तुकडा ओल्या वाळूत आडवा ठेवा, पेरांतून कोंब फुटतात. मग चौदा इंची कुंडी, पालापाचोळ्याचं खत, सकाळचं ऊन. दिवाळीनंतर पानं पिवळी पडून खोड वाळतं, तेव्हा झाड मेलं समजून फेकू नका. पाणी जवळजवळ बंद करा, कुंडी सावलीत सरकवा आणि मेअखेर लालसर कोंब मातीतून डोकावले की पुन्हा पाणी घालायला लागा.