मैलापाण्याच्या स्टेशनात जुने पंप बदलण्याआधी

दिवाळी झाली की मोजमापाला लागा. खान्देशात पाऊस जूनच्या मध्याला धरतो आणि मागणी दिल्यावर पंप हातात पडायला दोन-तीन महिने सहज जातात. बसवण्याचं काम आखाजीच्या आसपास आटोपलं, तरच मेमध्ये चाचणीला सवड मिळते. एकदा गटारात पावसाचं पाणी शिरू लागलं की वेट वेल (मैलापाणी जमा होणारी विहीर) रिकामी ठेवणं कोणाच्याच हातात राहत नाही.

जुन्या पंपाची नेमप्लेट बघून निविदा काढू नका. ती नेमप्लेट लागली त्यानंतर वस्ती वाढली, रायझिंग मेनमध्ये (पंपाचं पाणी पुढे नेणाऱ्या पाइपलाइनमध्ये) गाळ बसला, एखादी नवी लाइन जोडली गेली. आज पंप किती फेकतो हे विहिरीतच मोजता येतं. समजा विहिरीचा व्यास 6 मीटर, म्हणजे क्षेत्रफळ साधारण 28.3 चौरस मीटर. सगळे पंप बंद ठेवून 5 मिनिटं पातळी बघा. 30 सेंटिमीटर चढली तर आवक सेकंदाला 28 लिटर. लगेच एक पंप लावा. पुढच्या 5 मिनिटांत 60 सेंटिमीटर उतरली तर ते झाले सेकंदाला 57 लिटर. दोन्हींची बेरीज, सुमारे 85 लिटर, हा त्या पंपाचा खरा डिस्चार्ज. त्याच वेळी डिलिव्हरीवरचा गेज वाचा (1 किलो दाब म्हणजे 10 मीटर हेड, म्हणजे पाणी तेवढं उंच चढवण्याइतका जोर), त्यात पाण्याच्या पातळीपासून गेजपर्यंतची उंची मिळवा आणि किलोवॉट लिहून ठेवा.

हे आकडे पंपाच्या मूळ कर्व्हवर (कंपनीने दिलेल्या डिस्चार्ज-हेडच्या आलेखावर) मांडा. डिस्चार्ज आणि हेड दोन्ही कमी निघाले, तर इम्पेलर (पाणी फेकणारं चाक) आणि वेअर रिंग (त्याभोवतीची कडी) झिजलेत. डिस्चार्ज कमी पण हेड वाढलेलं असेल, तर दुखणं पंपात नाही. रायझिंग मेन तुंबलेली, एअर व्हॉल्व्ह जाम किंवा स्लुइस व्हॉल्व्ह अर्धवट उघडा असणार. अशा ठिकाणी नवा पंपही तेवढंच पाणी देईल आणि पैसा वाया जाईल. झिजेची किंमतही मांडून दाखवा, मंजुरीला तिचा उपयोग होतो. सेकंदाला 100 लिटर आणि 18 मीटर हेडला पाण्याला लागणारी शक्ती 17.7 किलोवॉट. पंपाची कार्यक्षमता 65 टक्के आणि मोटरची 92 असेल तर वीज लागते सुमारे 29.5 किलोवॉट, पंप 45 टक्क्यांवर घसरला तर 43 च्या आसपास. तासाला 13 युनिट नुसते झिजेत जातात.

आवक एकाच दिवशी मोजून भागणार नाही. आपल्याकडच्या बऱ्याच शहरांत नळाला रोज पाणी येत नाही, आणि ज्या दिवशी येतं त्या दिवशीच धुणीभांडी एकदम होतात. पाण्याच्या दिवशी सकाळी 6 ते 10 आणि बिनपाण्याच्या दिवशीही, अशा दोन्ही वेळा दर तासाला नोंद घ्या. स्टेशनवर येणारी वस्ती 50 हजार ते साडेसात लाख असेल तर सीपीएचईईओ या केंद्र सरकारच्या संस्थेच्या मार्गदर्शिकेप्रमाणे पीक फॅक्टर (कमाल आवक सरासरीच्या किती पट) 2.25 धरतात, तो तुमच्या नोंदींशी ताडून बघा. बिनपाण्याच्या दिवशी मोठा पंप सारखा चालू-बंद होतो, मैलापाणी विहिरीत कुजतं आणि गाळ बसतो. म्हणून तिन्ही पंप सारखेच मोठे घेण्याऐवजी त्यांतला एखादा लहान घेणं बहुतेक ठिकाणी शहाणपणाचं ठरतं. मात्र रायझिंग मेनमधला वेग सेकंदाला 0.6 मीटरच्या खाली जाता कामा नये.

मागणीपत्रात इम्पेलर नॉन-क्लॉग आणि किमान 80 मिलिमीटरचा गोळा पार करणारा, असं स्पष्ट लिहा. तरीही चिंध्या, केस, सॅनिटरी पॅड इम्पेलरला गुंडाळतातच. जाळी वाकलेली असेल तर आधी ती बदला. मोटर आणि पॅनल साधारणपणे 40 अंशांसाठी बनवलेले असतात. जळगाव-भुसावळकडे मेमध्ये बाहेरच 45 च्या वर जातं, पत्र्याच्या पॅनलरूममध्ये त्याहून जास्त. पॅनल, व्हीएफडी (मोटरचा वेग कमी-जास्त करणारं उपकरण) आणि ड्राय वेलमधल्या (विहिरीशेजारच्या कोरड्या खोलीतल्या) मोटरी 50 अंशांच्या मागा. सबमर्सिबल, म्हणजे पाण्यात बुडून चालणारी, मोटर मैलापाण्यानेच थंड होते, त्यामुळे पातळी मोटरखाली उतरणार असेल तर कूलिंग जॅकेट घ्यावंच लागेल.

खर्चाचा अंदाज हमखास चुकतो तो डक फूट बेंडवर, म्हणजे विहिरीच्या तळाशी पंप ज्यावर बसतो त्या बेंडवर. नव्या कंपनीचा पंप जुन्या बेंडवर बसेलच असं नाही. पंप ज्यांवरून खाली सरकतो त्या दोन गाईड पाइपांमधलं अंतर, फ्लँजची भोकं आणि वरच्या स्लॅबमधलं तोंड टेपने मोजून ड्रॉइंगसोबत पाठवा, अ‍ॅडॉप्टर आधीच मागवा. चेन पुली ब्लॉक किती वजनाचा आणि त्याची चाचणी कधी झाली, तेही बघा. 37 किलोवॉटचा पंप अर्ध्या टनाच्या आसपास किंवा वर जातो.

केबल विहिरीबाहेरच्या जंक्शन बॉक्सपर्यंत अखंड हवी, मध्ये जोड नको. ग्लँड नीट सील करा, नाहीतर हायड्रोजन सल्फाइड पाइपातून पॅनलमध्ये शिरून तांब्याचे कॉन्टॅक्ट काळे पाडतो. ओलावा आणि तापमानाच्या सेन्सरच्या बारीक वायरी बऱ्याचदा तशाच लोंबकळत राहतात. त्या रिलेला जोडल्या नाहीत तर वॉरंटीचा दावा अडकतो. व्हीएफडी आणि मोटरच्या मध्ये कपॅसिटर अजिबात नको. मंजूर भार वाढणार असेल तर महावितरणकडे अर्ज आत्ताच.

बदलाच्या काळात बायपास पंप पीक आवकेएवढा हवा, आणि त्याला राखीव एक. वरून ओढणारा पंप प्रत्यक्षात 6-7 मीटरच्या खालचं पाणी उचलत नाही. विहीर त्याहून खोल असेल तर सबमर्सिबलच लागेल.

माणूस विहिरीत उतरवायची वेळच येऊ नये अशी आखणी करा. हाताने मैला साफ करण्यावर बंदी घालणारा 2013 चा कायदा सुरक्षा साधनांशिवाय माणूस उतरवायला मनाई करतो. बेंड बदलण्यासाठी कोरड्या, धुतलेल्या विहिरीत उतरावंच लागलं, तर ब्लोअर चालू, ऑक्सिजन 19.5 टक्क्यांच्या वर, हायड्रोजन सल्फाइड 10 पीपीएमच्या खाली, हार्नेस, तिवई, हवेचा सिलिंडर, आणि वर दोन माणसं ज्यांना दुसरं काही काम नाही. मीटर सतत चालू ठेवा. हा वायू 100 पीपीएमच्या आसपास नाक बधिर करतो, म्हणून वास येत नाही यावर कोणीही उतरू नये.

पंप सोडण्याआधी मेगर करून (मोटरचं इन्सुलेशन तपासून) आकडा लिहा. साखळीवर टांगून क्षणभर चालू करा. झटका पंपावरच्या फिरण्याच्या बाणाच्या उलट दिशेला बसला पाहिजे. उलटा फिरणारा पंपही थोडं पाणी देतो, त्यामुळे नुसतं पाणी आलं म्हणून दिशा बरोबर असं धरू नका. मग सुरुवातीची मोजणी नव्या पंपावर तशीच पुन्हा करा आणि डिस्चार्ज, हेड, किलोवॉट कर्व्हशी जुळल्यावरच बिलावर सही करा. मेकॅनिकल सील, ओ-रिंग, वेअर रिंग आणि बेअरिंगचा एक पूर्ण संच त्याच दिवशी स्टोअरमध्ये जमा करून घ्या.