'नव्याचे नऊ दिवस' म्हणणाऱ्यांना गप्प करू नका: प्रक्रिया सुधारताना या चुका टाळा

कायझेन, लीन किंवा सिक्स सिग्मा अशा काम सुधारण्याच्या एखाद्या पद्धतीची घोषणा झाली की मीटिंगमध्ये सगळे माना डोलावतात आणि बाहेर पडताना कुणीतरी म्हणतं, "नव्याचे नऊ दिवस." ते कानावर आलं की साहेब लोकांचा निष्कर्ष ठरलेला असतो: यांना बदल नकोच आहे. मला हे पटत नाही. या माणसांनी आधीच्या मोहिमा पाहिलेल्या असतात आणि त्यातून काय उरलं तेही. अनुभवातून आलेला अविश्वास भाषणाने जात नाही.

पोस्टर आधी, काम नंतर

गुणवत्ता व्यवस्थापनाचे अमेरिकी तज्ज्ञ डेमिंग यांच्या १४ सूत्रांपैकी एक सूत्र कामगारांसाठीच्या घोषणा आणि फलक काढून टाका, असंच सांगतं. बहुतेक दोष व्यवस्थेतले असतात आणि व्यवस्था बदलणं कामगाराच्या हातात नसतं, हे त्यामागचं कारण. झिजलेल्या जिगवर (काम करताना वस्तू जागेवर धरून ठेवणाऱ्या साधनावर) काम करणाऱ्या ऑपरेटरच्या डोक्यावर 'शून्य दोष' असा फलक लावला, तर त्याला तो टोमणाच वाटणार. आधी जिग बदला.

नोकरीचा प्रश्न टाळणं

सगळ्यात महागात पडणारी चूक ही. वेळ वाचला तर माणसं कमी करणार का, हा प्रश्न प्रत्येकाच्या मनात असतो, पण उघड कुणी विचारत नाही. ही भीती जुनी आहे. १९११ मध्ये अमेरिकेतल्या वॉटरटाउन शस्त्रागारात अभियंते फ्रेडरिक टेलर यांच्या पद्धतीनुसार स्टॉपवॉच लावून कामाची वेळ मोजायला सुरुवात झाली, तेव्हा ओतकाम करणारे कामगार काम सोडून बाहेर पडले आणि प्रकरण थेट संसदीय चौकशीपर्यंत गेलं.

म्हणून पहिल्याच बैठकीत स्पष्ट बोला. सुधारणेमुळे कुणाची नोकरी जाणार नसेल तर तसं लेखी द्या आणि मोकळ्या झालेल्या माणसांना कुठलं काम मिळेल तेही सांगा. असा शब्द देणं शक्य नसेल तर खोटा दिलासा मुळीच देऊ नका. सुधारणेच्या नावाखाली एकदा जरी कपात झाली, तरी पुढची कित्येक वर्षं कुणी तोंड उघडत नाही.

सूचना घेऊन विसरणं

सूचनापेटी भरते, किल्ली कुणाकडे तरी असते, पुढे काहीच होत नाही. त्यापेक्षा कामाच्या जागीच एक फळा लावा: सूचना, कुणाकडे दिली, कधीपर्यंत, आज काय स्थिती. 'नाही' म्हणायचं असेल तर कारण त्याच फळ्यावर लिहा. नकाराने माणूस फार नाराज होत नाही, उत्तरच न मिळण्याने होतो.

सुधारणेचंच ओझं करणं

फॉर्म, ऑडिट, रोजचा अहवाल, आणि हे सगळं शिफ्ट संपल्यावर. सुधारणेसाठी कामाच्या वेळेतच वेळ द्या. नवा कागद आणायचा असेल तर आधी एक जुना बंद करा.

आकड्यांचंही तसंच. रिजेक्शन, म्हणजे बाद होणारा माल, वाढलं की कुणाला तरी झापलं जात असेल, तर आकडा कमी होईल, रिजेक्शन नाही. सदोष माल 'रीवर्क'च्या, म्हणजे पुन्हा दुरुस्त करायच्या मालाच्या, रकान्यात जाईल, इतकंच.

गाडी आधीच अडली असेल तर

नवं प्रशिक्षण ठेवू नका. सगळ्यात जास्त शंका घेणाऱ्या अनुभवी माणसाला विचारा, "रोज तुम्हाला कशाचा त्रास होतो?" आणि जिथे त्रास होतो तिथे त्याच्यासोबत जाऊन उभे राहा. बहुधा उत्तर लहान असतं: शिफ्ट बदलताना एकच नोंद दोन रजिस्टरांत करावी लागते, किंवा लागणारं हत्यार दुसऱ्या टोकाला ठेवलेलं असतं. तेवढी एकच गोष्ट आठवडाभरात सोडवा. ती सोडवल्याचं सगळ्यांना तुम्ही सांगू नका, त्याला सांगू द्या. मग दुसरी अडचण विचारा.