कुमारवयाच्या कादंबरीत एकटेपणा लिहायचा कसा?

पहिल्या खर्ड्यात हमखास खिडकी येते. तिच्याशी बसलेला मुलगा, बाहेर पाऊस आणि चार पानं मनातलं. वाचकाला मुलगा दिसतो, पण त्याचं एकटेपण काही पोचत नाही. ते पोचतं माणसांत, मुलगा कुणाशी तरी बोलायला जातो आणि भलतंच बोलून परत येतो तेव्हा. म्हणून मनोगतं बाजूला ठेवा आणि या फसलेल्या प्रयत्नांची यादी करायला घ्या.

त्याआधी एक वाक्य लिहून काढा: या मुलाला कुणालाच सांगता येत नाही अशी गोष्ट कोणती? ‘त्याला कुणी समजून घेत नाही’ हे उत्तर चालणार नाही, पंधराव्या वर्षी ते सगळ्यांनाच वाटतं. ‘भाऊ घर सोडून गेला त्या रात्री हा जागा होता’ इतकं नेमकं हवं. हे वाक्य कादंबरीत शब्दशः आलं नाही तरी चालेल.

आता प्रयत्न. 60-70 हजार शब्दांच्या कादंबरीला पाच-सहा पुरतात. प्रत्येकापुढे लिहा: कुणाकडे गेला, तोंडाने काय मागितलं, खरं काय हवं होतं. शेवटच्या दोन्ही रकान्यांत एकच उत्तर आलं, तर तो प्रसंग गाळा.

समजा, रात्री मित्राशी बोलायचंय. त्यानं ‘जागा आहेस?’ टाइप केलं, खोडलं. ‘एक सांगायचं होतं’ लिहिलं, तेही खोडलं. शेवटी पाठवलं, ‘माझी गणिताची वही तुझ्याकडे आहे का?’ उत्तर आलं, ‘बघतो.’ इथेच थांबा. पुढे ‘त्याला फार एकाकी वाटलं’ असं लिहिलंत की केल्यासवरल्यावर पाणी.

जे. डी. सॅलिंजरच्या ‘द कॅचर इन द राय’ (1951) या कादंबरीतला कुमारवयीन नायक होल्डन न्यूयॉर्कला उतरताच फोन बूथमध्ये शिरतो, कुणाला फोन करावा ते त्याला ठरवता येत नाही आणि वीसेक मिनिटांनी एकही फोन न लावता तो बाहेर पडतो. तिथे तर मागणी तोंडापर्यंतही येत नाही.

फसण्याची कारणं मात्र बदलती ठेवा. दरवेळी समोरचाच दुष्ट निघाला तर कादंबरीचा तक्रार अर्ज होतो. निदान दोनदा चूक मुलाची असू द्या: नको तेव्हा टोमणा मारतो, किंवा समोरचा स्वतःचं दुःख सांगू पाहतोय हे याच्या लक्षातच येत नाही. हा दुसरा प्रकार फार कामाचा. निवेदकाला न दिसलेलं वाचकाला दिसतं आणि दोघांचंही एकटेपण एकाच प्रसंगात उभं राहतं.

प्रथमपुरुषी लिहिणार असाल तर सांगणारा आज किती वर्षांचा आहे ते ठरवा. ‘तेव्हा मला कळलं नाही’ हे वाक्य चाळिशीतल्या माणसाला शोभतं, सतरा वर्षांच्या मुलाला नाही.

खर्डा पुरा झाला की ‘एकटा’, ‘एकाकी’, ‘उदास’, ‘पोकळी’ हे शब्द शोधून काढून टाका आणि पान पुन्हा वाचा. काही बिघडलं नाही तर शब्द फालतू होता. बिघडलं तर प्रसंग कच्चा आहे. तो दुरुस्त करा, शब्द परत घालू नका.

सगळ्यात जास्त कादंबऱ्या घसरतात त्या जवळीक दाखवताना. शेवटच्या 30 पानांत कुणी समजूतदार शिक्षक उगवतो, नाहीतर प्रेम जमतं आणि सगळं निस्तरतं. हे नको. जवळ येणारं माणूस पहिल्या तृतीयांशातच येऊन गेलेलं हवं, मुलानं मात्र त्याला जमेत धरलेलं नसावं. आणि त्याच्या तोंडी भाषण घालू नका. तो वहीवाला मित्र शंभर पानांनी, सायकलला कुलूप लावता लावता म्हणाला, ‘ती वही तुझ्याच दप्तरात होती त्या दिवशी,’ तर तेवढं पुरे.