कॉइन मशीनच्या ट्रेमधली चांदी कशी ओळखायची

अमेरिकेत सुपरमार्केटच्या दारापाशी ते चिल्लर मोजायचं हिरवं कॉइनस्टारचं मशीन असतं ना, लोक बरणीभर चिल्लर आणून त्यात ओततात, पावती घेतात आणि चालू पडतात, खाली परत आलेल्या नाण्यांच्या खाचेकडे बघतसुद्धा नाहीत. मशीनला जे नाणं पटत नाही ते तिथे येऊन पडतं. परदेशी नाणी, वाकलेली, बटणं, वॉशर, आणि कधीकधी खरी चांदी, कारण तिचं वजन आणि धातू आजच्या नाण्याशी जुळत नाही. मी न्यू जर्सीत दूध-भाजी आणायला गेलो की गेली कित्येक वर्षं तिथे हात घालतोच, बायको तेवढ्यात माझी ओळखच नसल्यासारखी कार्ट घेऊन पुढे जाते.

हात घाला, काढा, खिशात टाका. वर ओतायचं ताट आणि मशीनच्या आजूबाजूची फरशीही बघा. मशीनवर कुणी उभं असेल तर लांब थांबायचं, आणि तो नाणी विसरून निघाला तर हाक मारून सांगायचं, बहुतेक जण "राहू दे तुलाच" म्हणतात. इतकंच.

खरं डोकं घरी आल्यावर लागतं. जो तो सांगतो, मॅग्नेट लावा, चिकटलं नाही की चांदी. कृपा करून हे ऐकू नका! आजचे अमेरिकन डाइम (दहा सेंट) आणि क्वार्टर (पंचवीस सेंट) तांबं आणि निकेल या धातूंचे असतात, तेही मॅग्नेटला चिकटत नाहीत. मी सुरुवातीला याच हिशेबाने डबाभर "चांदी" जमवली, मोठ्या तोऱ्यात जुन्या नाण्यांच्या दुकानात घेऊन गेलो. दुकानदाराने एक नाणं उभं धरून कड बघितली आणि डबा परत माझ्याकडे सरकवला.

तर अमेरिकन नाण्याला मॅग्नेट नाही, साल आणि कड बघायची. डाइम, क्वार्टर, हाफ डॉलर 1964 किंवा त्याआधीचं असेल तर 90 टक्के चांदी. हाफ डॉलर 1965 ते 1970 चं असेल तर 40 टक्के, म्हणून हाफ डॉलर कधी घाईने खर्चू नका. नाणं उभं धरा, नव्याच्या कडेला तांब्याची लालसर रेघ दिसते, 90 टक्केवाल्याची कड सगळी पांढरी. तारीख झिजलेली असेल तर छोट्या डिजिटल काट्यावर टाका. चांदीचा क्वार्टर मूळ 6.25 ग्रॅमचा, आजचा 5.67 चा, पण फार झिजलेलं नाणं हलकं होतं म्हणून नुसत्या काट्यावर विसंबू नका, कड बघाच. पाच सेंटच्या नाण्यालाही निकेलच म्हणतात, त्यात फक्त दुसऱ्या महायुद्धाच्या काळातले, मागच्या बाजूला इमारतीच्या घुमटाच्या वर मोठं P, D किंवा S असेल तर 35 टक्के चांदी.

मॅग्नेट लागतं ते कॅनडाच्या नाण्यांना, आणि न्यू जर्सीत ती भरपूर सापडतात. 1966 पर्यंतचे डाइम-क्वार्टर चांदीचे, 1967 चेही, क्वार्टरवर रानमांजर आणि डाइमवर मासा असेल ते. गोची 1968 ची आहे, त्या साली चांदीचेही निघाले आणि निकेल धातूचेही, दिसायला सारखेच. निकेल मॅग्नेटला चिकटतं, चांदी चिकटत नाही. इथे मॅग्नेट खरंच कामाचं. एक अपवाद अमेरिकन, 1943 चा करडा पेनी (एक सेंट) स्टीलचा आहे, तो चिकटतो, त्यात चांदी नाही पण ठेवून द्या.

आणि हात जोडून सांगतो, नाणं घासू नका. मला एकदा ट्रेमध्ये पंखवाल्या टोपीचा जुना डाइम मिळाला, काळाकुट्ट, मी आईच्या सवयीने चिंच-मीठ लावून तांब्याच्या भांड्यासारखा लखलखीत केला. धातूचा भाव तेवढाच राहिला, पण संग्राहक अशा घासलेल्या नाण्याला जास्तीचा दाम देत नाही. साध्या पाण्याने धुवून पुसा, बास.

बाकी भारताचा स्टीलचा रुपया सापडला तर तो मॅग्नेटला चिकटेल, चांदी समजू नका. माझे असे सहा-सात गाडीच्या कप होल्डरमध्ये पडलेत.